चार्ज यादी

उपकेंद्राचा चार्ज घेतला तेव्हा
यादीत सतरावी नोंद होती:
कुंडी, मातीची, रिकामी, एक.
सोळावी, बाळवजनाचा काटा.
अठरावी, बादली, बूड गळकं.
मी सगळ्याखाली सही केली.

आधीच्या सिस्टर, ठवकरबाई,
बदली होऊन सालेकशाकडे निघाल्या.
टेम्पोत बसताना एवढंच म्हणाल्या,
"कुंडी उन्हात नका ठेवू."
रिकाम्या कुंडीला काय ऊन नि काय सावली.
विचारायचं राहून गेलं.

क्वार्टर म्हणजे एक खोली, एक खिडकी,
खिडकीत कूलर, कूलरखाली कुंडी.
पौषात मी तिच्यात छत्री उभी केली,
माघात खराटा.
शिमगा झाला, मोहाचा वास गावाच्या अंगाला चिकटला,
आणि लसीच्या दिवशी आशाताई शकून नैताम
बोटानं माती उकरून म्हणाली,
"बाई, यात त कांदे हायेत जी!
एक नेतो, बेसनात टाकतो."
ने, म्हटलं.

दिवेलागणीला कढईच घेऊन आली.
"चाखून पाहा. कारल्याचा आजा होय हा."
चाखलं. दोघी अंगणात थुंकत बसलो,
हसत बसलो,
मग एकाएकी माझ्यातली नर्स जागी झाली.
तिची नाडी धरली, माझी धरली,
बेसन खड्ड्यात पुरलं,
आणि रात्रभर फोन उशाशी घेऊन जागी राहिले.
दोघींनाही काही झालं नाही.

उरलेले दोन मी बाळांच्या काट्यावर ठेवले.
एकशे ऐंशी ग्रॅम. दोनशे दहा.
एवढ्या वजनाचं काही
मी आजवर 'जिवंत'च्या रकान्यात लिहिलेलं नाही.
परत मातीत ठेवले, मान वर करून.

वैशाखात पहाटे तीनला गाव रिकामं होई,
सगळी माणसं तेंदूपत्त्याला रानात.
दुपारी पारा सेहेचाळीसवर.
लाइन असली की कूलर गळे,
चार सेकंदांना एक थेंब, नेमका कुंडीत.
घड्याळ लावून मोजलाय मी, सवयीनं.
लाइन गेली की आम्ही दोघं,
मी आणि कुंडी, नुसतं तापत बसायचो.

एका सकाळी माती फुगलेली,
तिच्यातून ठिपक्याठिपक्यांचं जांभळट नाक.
पान नाही, काही नाही. थेट दांडा.
सहाव्या दिवशी खोलीत
लाल चेंडू उभा, शंभरेक सुयांचा,
सुईसुईच्या टोकाला पिवळी धूळ.
पत्ता बांधून परतलेल्या बाया
काळ्या चिकट हातांनी दारात थांबल्या,
आत यायला लाजत.
शकून म्हणाली, "हे मी बेसनात टाकलं होतं व माय."

ठवकरबाईंना फोन लावला.
हॅलोच्या आधी त्या म्हणाल्या, "आला?"
आला.
"तिन्ही?"
दोन.
"तिसरा?"
मी सांगितलं.
त्या इतका वेळ हसल्या
की मला वाटलं रेंज गेली.
मग रिकामी का लिहिलंत, मी विचारलं.
"त्या तारखेला रिकामीच होती ना," त्या म्हणाल्या,
आणि मागे कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

चेंडू आठ दिवस टिकला.
पानं आली, मोठी, केळीसारखी,
कार्तिकात पिवळी पडून मातीवर लोळली.
ती मी ओढली नाहीत,
आपोआप सुटेपर्यंत थांबले.
तळाशी बोट घातलं तर
मोठ्याच्या कुशीला हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं.
ते काट्यावर ठेवलं नाही.

आता माझी ऑर्डर आली आहे.
नवीन सिस्टर उद्याच्या एसटीनं येतेय,
भोयर नावाची, पहिलीच नेमणूक, फोनवर घाबरलेली.
रात्री यादी लिहायला बसले.
सोळा, काटा, चालू.
अठरा आधी लिहून टाकलं:
बादली, बूड अजून गळकं.
सतरावी ओळ कोरी आहे.
खराटा कोपऱ्यात, छत्री खुंटीला,
आणि कूलर बंद असूनही
मी चार-चार सेकंद मोजतेय.